सारंगाची नात

आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, जहाजावर सारंग होते. खलाशी म्हणून चढले, पुढे तांडेल झाले आणि निवृत्त झाले तेव्हा सारंग होते. मुंबईहून हाजींना जेद्दाला नेणाऱ्या जहाजांवरही त्यांनी काही वर्षं काढली. समुद्रमार्गे हजला जायची ती वाट १९९५ मध्ये बंद झाली, आताच्या मुलांना ती ऐकूनही ठाऊक नसते. खेड, दापोली, मंडणगडच्या पट्ट्यात अशी घरं शोधत फिरावं लागत नाही. कुठल्याही मोहल्ल्यात जा, एखाद्या घराच्या माळ्यावर जुनी लाकडी पेटी असते, आत खलाशाचं नोकरीचं पुस्तक असतं, ज्याला ही मंडळी ‘नली’ म्हणायची, आणि त्यावर बंदरांचे शिक्के. आमच्या दादांच्या नलीवर मी लहानपणी बोट ठेवून बंदरं मोजायची.

त्या माणसाच्या नातीला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत कमरेएवढ्या पाण्यात उतरायची छाती नव्हती. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत मी गाडीच्या काचा वर करून आयतुल कुर्सी पढत बसायची. मुलं हसायची. हसू देत, म्हणायचे मी.

याला कारण होतं. अब्बांची थोरली बहीण, माझी फुफी, चौदा वर्षांची असताना खाडीत गेली. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची गोष्ट. ओहोटीला गावच्या बायकांबरोबर ती तिसऱ्या काढायला उतरली होती. भरती चढायला लागली तशा बायका टोपल्या घेऊन काठाकडे वळल्या, ही चार पावलं मागे राहिली. मधल्या चरात तिचा पाय गेला. काठावर सात-आठ बायका होत्या, त्यांतल्या एकीलाही पोहता येत नव्हतं. एकीने साडीचा पदर सोडून फेकला, तो पोचला नाही. दादा त्या वेळी समुद्रावर होते. पत्र त्यांच्या हातात पडायला दीड महिना गेला. ज्या माणसाने वादळात जहाज सांभाळलं त्याची मुलगी घरापासून हाकेच्या अंतरावर, दोन पुरुष पाण्यात बुडाली.

त्यानंतर आमच्या घरात एक कायदा झाला की बायकांनी पाण्यात उतरायचं नाही. दादीने तो केला, अम्मीने पाळला आणि मी तो माझ्या मुलीवर लावला.

माझ्या बाबतीत भर पडली ती २००५ च्या पुराची. खेडच्या वाचकांना जगबुडीबद्दल मी काय सांगावं! नदीच्या नावातच सगळं आलं. पाच मीटरला इशारा, सात मीटरला धोका, हे आकडे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २५ आणि २६ जुलैला पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमचं घर तळमजल्यावर होतं. मुलीचे अब्बा कुवेतला. घरात सासूबाई, मी आणि सहा महिन्यांची मुलगी. आधी कुरआन शरीफ वर ठेवला, मग तांदळाचा डबा, मग मुलगी, मग आम्ही दोघी माळ्यावर चढलो. रात्रभर खाली आपलंच कपाट आपल्याच भिंतीवर आपटताना ऐकलं. पहाटे शेजारच्या वाण्याच्या मुलांनी दोराला रिकामं पिंप बांधून पलीकडच्या माडीवर नेलं. पिंपावर सासूबाई बसल्या, मुलगी एका मुलाच्या खांद्यावर, आणि मी दोर धरून छातीएवढ्या पाण्यात. एवढंच काय ते माझं जलविहार.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. तोवर आम्ही उंचावर घर घेतलं होतं, पण खिडकीतून ते पिवळं पाणी पाहिलं आणि माझे पाय तसेच गार पडले.

ती सहा महिन्यांची मुलगी आता रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. मासे, कोळंबी, खाडीचं पाणी, त्यातलं मीठ, हा तिचा अभ्यास. प्रवेश घेताना मी एकच अट घातली होती की बोटीवरचं काम असेल तिथे जॅकेट घालायचं आणि पाण्यात उतरायचं नाही. ती “हो अम्मी” म्हणाली होती.

गेल्या डिसेंबरात कुडाळला भाबीच्या माहेरी निकाह होता. आम्ही खेडहून मांडवी एक्सप्रेसने गेलो. माझा धाकटा भाऊ, भाबी, त्यांची दोन मुलं, मी आणि रत्नागिरीला गाडीत चढलेली माझी मुलगी. वलीमा झाल्यावर दोन दिवस हातात होते, म्हणून भावाने मालवणजवळच्या देवबागला एका घरी खोल्या घेतल्या. ज्यांनी देवबाग पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, ती जमिनीची एक लांब, चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. माझ्यासारखीला झोप लागू नये म्हणून अल्लाहने खास घडवलेली जागा! जेवणाचा मात्र प्रश्न नव्हता. घरमालकीण बाई समजूतदार होत्या, दोन्ही वेळेला मासेच केले, त्यामुळे मटण कुठून आलं, कोणी कापलं, हे विचारायची वेळच आली नाही.

नदीच्या बाजूला धक्क्याजवळ दोन लांबट फळ्या पडलेल्या होत्या. माझ्या भाच्याने त्यावर उडी मारली तेव्हा त्या रबरी निघाल्या. घरमालकिणीचा पुतण्या पर्यटकांना त्यावर नेत असे. फळीवर उभं राहायचं, हातात माणसापेक्षा उंच एकच वल्हं घ्यायचं आणि पाणी मारत जायचं. इंग्रजीत याला स्टँड अप पॅडल बोर्डिंग म्हणतात, ती मुलं नुसतं ‘सप’ म्हणतात. मुलगी रात्री जेवताना म्हणाली, “अम्मी, उद्या सकाळी मी जाणार. आणि तूही येणार.”

यावर जी चर्चा झाली ती आपल्या कुठल्याही घरात झाली असती. भाऊ म्हणाला, “आपा, चार लोक बघतील, कपडे ओले होतील, काय काय बोलतील.” मुलगी म्हणाली, हजरत उमर (रजि.) यांनी हजरत अबू उबैदा (रजि.) यांना लिहून कळवलं होतं की मुलांना पोहायला शिकवा, मुसनद अहमदमध्ये ही रिवायत आहे. भाऊ म्हणाला, “त्यात मुलगे म्हटलंय.” तेव्हा एरवी नणंदेसमोर फारसं न बोलणारी भाबी ताटातून वर न बघता म्हणाली, “पाणी विचारून बुडवतं का, मुलगा की मुलगी?” भाऊ गप्प झाला. मला फुफी आठवली आणि मीही गप्प झाले. मुलीने मग हजरत आयशा (रजि.) यांची गोष्ट काढली. प्रेषित (स.) त्यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावत. एकदा त्या जिंकल्या, पुढे अंग भरल्यावर प्रेषित (स.) जिंकले आणि गमतीने म्हणाले की ही त्या शर्यतीची परतफेड. ही गोष्ट मी अबू दाऊदच्या हवाल्याने किती इज्तिमात ऐकली असेन. पण ऐकताना ‘प्रेमळ पती’ एवढाच धडा आम्ही घ्यायचो, आयशा (रजि.) धावल्या होत्या याकडे आमचं लक्ष जात नव्हतं.

शेवटी असं ठरलं की फज्रनंतर लगेच जायचं, कोणी उठायच्या आत. भाऊ धक्क्यावर बसेल. तो मुलगा आपल्या होडीत लांबून सांगेल, जवळ यायचं ते मुलीनेच.

कपड्यांबद्दल दोन शब्द लिहिते, कारण आपल्या भगिनींचा पहिला प्रश्न तोच असतो आणि नेमकं तेच कोणी सांगत नाही. मी सुती पंजाबी ड्रेस आणि घेरदार सलवार घालून गेले, ही चूक होती. सुती कापड पाणी पितं आणि जड होतं, घेराच्या सलवारीत पाणी भरलं की पाय कोणीतरी धरल्यासारखे होतात. ओढणी तर अजिबात नको, ती गळ्याभोवती किंवा वल्ह्यात अडकते. भाबीने तिथल्या तिथे माझी सलवार काढायला लावून मुलीची जाड लेगिंग दिली, वर लांब कुर्ता, त्यावर जॅकेट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. बाजारात आता अंग पूर्ण झाकणारे, डोक्याच्या टोपीसकट पोहण्याचे पोशाख मिळतात, ते पाण्यात चिकटत नाहीत आणि पटकन वाळतात. परवडत असेल तर तेच घ्यावेत. जीवरक्षक जॅकेट मात्र आपल्या मापाचं आणि सगळे पट्टे लावूनच. सैल जॅकेट पाण्यात कानांपर्यंत वर येतं आणि माणूस खालीच राहतो.

सकाळी नदी अशी होती की दूध ठेवल्यासारखी. त्या मुलाने सांगितलं की डिसेंबरात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो, तो हलका असतो. दहा-अकरानंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो, मग नवख्याने पाण्यात राहू नये, कारण उभा माणूस म्हणजे शीडच. अष्टमी जवळ होती, म्हणजे भांगाचं पाणी, उधाणाची ओढ नव्हती. भरतीचा शेवट चालू होता. हे सगळं ऐकताना मला वाटलं, हे शब्द मी कुठेतरी ऐकलेत. दादा पडवीत बसून याच शब्दांत बोलायचे. भांग, उधाण, मतलई. घरात बायका ते ऐकायच्या आणि भाकऱ्या थापायच्या.

फळी साधारण साडेदहा फूट लांब, अडीच फुटांहून थोडी जास्त रुंद आणि सहा इंच जाड. पंपाने हवा भरतात, मोटारीच्या टायरच्या साधारण निम्म्या दाबाइतकी, आणि ती लाकडासारखी कडक होते. आत वरच्या आणि खालच्या थराला जोडणारे हजारो धागे असतात, म्हणून फुग्यासारखी गोल न होता सपाट राहते. खाली मागच्या बाजूला माशाच्या परासारखा पर असतो, तो फळीला सरळ ठेवतो. घोट्याला एक दोर बांधतात, त्याचं दुसरं टोक फळीला. म्हणजे माणूस पडला तरी फळी पळून जात नाही. वल्ह्याचं पातं किंचित वाकडं असतं आणि तो वाक पुढच्या बाजूला ठेवायचा. मी उलटा धरला. सगळे नवखे उलटाच धरतात म्हणे.

याची सुरुवात दूर हवाई बेटांवरची. वायकिकीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना लाटेवर चालायला शिकवणारे काही जण गेल्या शतकाच्या मध्यावर फळीवर वल्हं घेऊन उभे राहत, म्हणजे सगळ्यांवर नजर राहते, गळ्यातल्या कॅमेऱ्याने फोटोही काढता येतात. पुढे २००० च्या आसपास त्याचा वेगळा खेळ झाला आणि जगभर पसरला. पण होडीत उभं राहून बांबूने पाणी रेटणारा तरीवाला आपल्या खाडीवर कोणी पाहिला नाही? आमच्याकडे त्या कौशल्याला कोणी खेळ म्हटलं नाही, एवढाच फरक.

आधी फळीवर गुडघे टेकून बसायचं. ते जमलं. गुडघ्यांवर बसून धक्क्यापासून वीसेक हात गेले. पाणी फळीखाली बोलत होतं, चुळुक चुळुक. भीती होती, पण ती आता पोटात होती, डोक्यात नव्हती. मग उभं राहायचं. होडीतून तो मुलगा ओरडला, “काकी, पायांकडे बघू नकात, समोर त्या माडांकडे बघा!” माझे हात फळीला चिकटलेले. एक पाय उचलला की फळी थरथरायची. म्हणजे थरथरत मी होते, फळी फक्त सांगत होती.

मुलगी शेजारच्या फळीवर होती. ती हळूच म्हणाली, “अम्मी, सजद्यातून उठतेस ना, तशी ऊठ. घाई करू नको.”

नमाज ही कसरत नव्हे, ती कशासाठी आहे हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून हे लिहिताना मी थोडी अडखळते आहे. पण खरं तेच सांगते. चाळीस वर्षं दिवसातून पाच वेळा हे शरीर कपाळ टेकवून उभं राहत आलं आहे. ते वाक्य ऐकलं आणि गुडघ्यांना काय करायचं ते कळलं. हात मांड्यांवर आले, नजर वर गेली आणि मी उभी होते. बिस्मिल्लाह म्हणायचंही उभी राहिल्यावर सुचलं.

पाण्यावर उभं राहिल्यावर नदी वेगळी दिसते. काठावरून ती अडथळा असते. तिथून ती अंगणासारखी दिसली. पाणी खालपर्यंत दिसत होतं, एक लहान मासा फळीच्या सावलीत आला आणि तिथेच थांबला. मी आठ-दहा वल्ही मारली असतील, डावीकडे दोन, उजवीकडे दोन. भाऊ धक्क्यावरून काहीतरी ओरडत होता. मी त्याच्याकडे वळून बघितलं.

वळायचं नसतं.

पडल्याचं आठवत नाही. फक्त एकदम हिरवं झालं आणि कानांत दडा बसला. जॅकेटने मला लगेच वर आणलं, पण ते मला नंतर कळलं. त्या क्षणी माझ्या हिशेबाने मी फुफीच्या चरात होते. तोंडात खारट पाणी गेलं, मी हात आपटायला लागले. आणि मग समोर माझी मुलगी. तिने फळीवरून सूर मारला होता. तीन-चार हातांत ती माझ्यापाशी आली, मागून माझ्या जॅकेटची पट्टी धरली आणि अगदी शांत आवाजात म्हणाली, “अम्मी, पाय मारू नको. पाठीवर हो. वर आकाश बघ.”

मी आकाश बघितलं. ती पाठीवर पोहत मला फळीपर्यंत घेऊन गेली. तिचा श्वासही चढला नव्हता.

फळीला धरून मी पहिला प्रश्न विचारला तो असा, “तुला पोहता कधीपासून येतं?”

ती गप्प.

असं पोहणं एका दिवसात येत नाही एवढं मलाही कळतं. दोन वर्षं. रत्नागिरीला ती मैत्रिणींबरोबर सकाळी बायकांच्या वेळेला तलावावर जात होती. मला फोनवर ‘लायब्ररीत आहे’ सांगायची. फीचे पैसे कुवेतहून तिच्या अब्बांनी पाठवले होते. म्हणजे घरात एकट्या मलाच माहीत नव्हतं.

मी पाण्यातून बाहेर आले, चादर गुंडाळली आणि कोणाशी बोलले नाही. भाबीने चहा आणला तो गार झाला. जोहरपर्यंत मी खोलीत होते. संध्याकाळी कुवेतला फोन लावला. माणूस आधी हसला, मग माझा आवाज ऐकून थांबला. म्हणाले, “तुला सांगितलं असतं तर तू तिला घरी बसवलं असतंस. माझा जीव इथे असतो. पूर आला तेव्हाही मी इथेच होतो. मला वाटलं, हिला तरी यावं.” मी फोन ठेवला.

मुलगी रात्री शेजारी येऊन बसली. “खोटं बोलले त्याची माफी माग म्हणशील तर मागते,” ती म्हणाली, “पोहायला शिकले त्याची नाही मागणार.”

खोटं ते खोटंच, आईशी तर नाहीच चालत, हे मी तिला सांगितलं आणि आजही तेच म्हणते. माफी तिने मागितली. पण रात्री झोप येईना तेव्हा मी माझ्याच घातलेल्या अटीकडे बघत होते. मी तिला खाडीच्या अभ्यासाला पाठवलं आणि खाडीत उतरू नको म्हणाले. म्हणजे सात-आठ बायकांबरोबर तिला टोपली घेऊन काठावरच उभं केलं होतं. सकाळी पाण्यात ती जर ‘हो अम्मी’वालीच राहिली असती, तर फळीवर उभी राहून माझ्याकडे बघत राहिली असती. मी जॅकेटमुळे वाचलेच असते, तो प्रश्न नव्हता. तिचा चेहरा काय झाला असता, तो प्रश्न होता.

एक मात्र तिला बजावलं, हे सगळं जगबुडीत करायचं नाही. ती हसली, तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. आमच्या नदीत मगरी आहेत, सुसरी म्हणतात आमच्याकडे. हिवाळ्यात सकाळच्या उन्हाला वाळूवर पसरलेल्या असतात, पुलावरून जाणारे थांबून बघतात. शिवाय पावसाळ्यातलं वाहतं पाणी म्हणजे घोट्याचा दोर फांदीत अडकायचा आणि माणूस तिथेच अडकून राहायचा. वाहत्या नदीसाठी कमरेचा, एका झटक्यात सुटणारा दोर लागतो, हे तिनेच मला सांगितलं. कुठल्या पाण्यात उतरायचं नाही हे पोहता येणाऱ्यालाच नीट कळतं असं दिसतं. मला आजवर सगळं पाणी सारखंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर मी आपणहून लेगिंग मागितली. भावाला सांगितलं, हवं तर बस, पण ओरडू नको. त्या दिवशी मी तीनदा पडले. पडताना फळीवर नाही, बाजूला पाण्यात, अंग सैल सोडून पडायचं असतं, तेही शिकले. तिसऱ्यांदा पडल्यावर एकटीच फळीवर चढले, पोटावर सरकत, अगदी मगरीसारखी. माझी आठ वर्षांची भाची काठावरून टाळ्या वाजवत होती. तिला मांडीएवढ्या पाण्यात माझ्या मुलीने तोंड बुडवून बुडबुडे काढायला शिकवलं. भाऊ बघत होता, काही बोलला नाही.

खेडला परतल्यावर दोन दिवस मांड्या आणि पोटऱ्या अशा धरल्या होत्या की रुकूतून उठताना आपोआप ‘या अल्लाह’ निघायचं. तिसऱ्या दिवशी भावाच्या घरी अब्बांना भेटायला गेले. अब्बा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. भाचीने आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, तिखटमीठ लावून. मी खाली मान घालून बसले. त्यांच्या घरातला कायदा मी मोडला होता, तोही सगळ्यांदेखत.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, “पाणी खारं होतं की गोडं?”

“मचूळ होतं अब्बा. संगमाजवळ.”

“तिथलंही तसंच होतं,” ते म्हणाले. कुठलं ते विचारायची गरज नव्हती. माझ्या आठवणीत त्यांनी फुफीचा विषय आपणहून काढलेला नव्हता.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. त्यांना पोहता येत होतं. आठ वर्षांचे असताना दादा सुटीवर आले तेव्हा त्यांनी पाठीला वाळलेला भोपळा बांधून त्यांना खाडीत शिकवलं होतं. बहीण काठावर बसून बघायची, मलाही बांधा म्हणायची. दादी नको म्हणाली, मुलीची जात. फुफी गेली त्या दुपारी अब्बा मदरशात होते आणि तो भोपळा पडवीच्या खुंटीला टांगलेला होता. “अम्माने तो त्याच रात्री फोडला,” अब्बा म्हणाले.

भाची दारात उभी राहून ऐकत होती. अब्बांनी तिला जवळ बोलावलं, तिचा दंड चाचपून बघितला आणि मला विचारलं, “तुझ्या मुलीची परीक्षा कधी संपते?”

“मे महिन्यात.”

“मग मेमध्ये तिला इकडे बोलाव.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी भावाला बाजारातून चांगला जून दुधी आणायला सांगितलं. भाऊ म्हणाला, अब्बा, आता मुलांच्या मापाची जॅकेटं मिळतात, मी मागवतो. ते म्हणाले, ती पण मागव. भोपळा सध्या त्यांच्या पडवीत टांगलेला आहे. पूर्ण वाळायला तीन-चार महिने लागतात, आणि रोज असरनंतर ते तो उतरवून कानाशी हलवून बघतात, आतल्या बिया सुटल्या का म्हणून.